माझं तोंड, माझे पैसे. मग सरकारच्या पोटात का दुखतं?

"डॉक्टर, तोंड माझं, पैसे माझे. मी गुटखा खाल्ला तर सरकारच्या पोटात का दुखतं?"

हे विचारणाऱ्या गृहस्थांचं वय चौतीस. मी म्हटलं, उत्तर देतो, पण आधी एक करा. हाताची मधली तीन बोटं जोडून उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घाला बघू. तीन सोडाच, दोन जाईनात. गालाची आतली बाजू पांढुरकी आणि चामड्यासारखी ताठ झालेली. तिखट बंद होऊन वर्ष झालेलं. वडापाव खायचा तर तुकडे मोडून एकेक तोंडात सारायचा.

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात आणि तोंड हळूहळू मिटत जातं. यातल्या काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. नुसत्या सुपारीनेही हे होतं, तंबाखू त्यात आणखी भर घालते. एकदा आलेला ताठरपणा पूर्णपणे मागे जात नाही.

पण त्यांचा प्रश्न फालतू नव्हता. दवाखान्यात तो मला वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो. हेल्मेट का? लस का? औषधाला चिठ्ठी का? प्रत्येक वेळी "सरकार सांगतं म्हणून" असं उत्तर देणं हा रुग्णाचा अपमान आहे. म्हणून आज नीट उत्तर देतो.

आधी त्यांची बाजू, आणि तीही जोरकसपणे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात एक साधा नियम मांडला. शहाण्यासुरत्या प्रौढ माणसावर जबरदस्ती करायची तर ती त्याच्यापासून दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठीच. "तुझ्याच भल्यासाठी" हे कारण पुरेसं नाही. समजवा, विनवा, भांडा. पण दंडुका उगारू नका. मला हा नियम मान्य आहे. माझ्या व्यवसायात तर तो रोज लागतो. रुग्णाने ऑपरेशनला नकार दिला तर मी त्याला बांधून टेबलावर घेत नाही. नकाराची सही घेतो आणि दार उघडं ठेवतो.

मग गुटखाबंदीला माझा पाठिंबा कसा? कारण बाजारातला सौदा मोकळा म्हणायचा तर दोन गोष्टी लागतात. आपण काय विकत घेतोय हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. आणि उद्या त्याला "नको" म्हणता आलं पाहिजे.

गुटख्यात दोन्ही नाही. पुडी चकचकीत, नाव राजेशाही, आणि जाहिरात मात्र त्याच नावाच्या वेलचीची. माझ्या या रुग्णाने पहिली पुडी नववीत असताना खाल्ली होती. मिलने मुलांना आपल्या नियमातून स्पष्ट वगळलं होतं, हे इथे लक्षात ठेवा. नंतर निकोटीनने आपलं काम केलं. सकाळी उठल्यावर पहिला हात खिशातल्या पुडीकडे जातो. "कधी सोडायचा प्रयत्न केला होता का?" असं मी विचारलं. पाच वेळा, म्हणाले. पाच वेळा ज्याने "नको" म्हटलं आणि पाचही वेळा जो हरला, त्याची सहावी पुडी ही त्याची 'निवड' आहे, हे मला कुणी पटवून द्यावं. मिलनेच म्हटलं आहे की स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचं स्वातंत्र्य माणसाला देता येत नाही, कारण त्या सौद्यानंतर स्वातंत्र्यच उरत नाही.

आता कायदा बघा. महाराष्ट्रात २०१२ सालच्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आहे. तिला आधार आहे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ याचा. ही बंदी बनवणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर, वाहून नेणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. खाणाऱ्याला तुरुंग नाही. म्हणजे या गृहस्थांच्या तोंडावर सरकारने हात ठेवलेलाच नाही. हात ठेवलाय तो कारखानदाराच्या गल्ल्यावर. आणि "माझं तोंड, माझे पैसे" ही ओरड नीट ऐकाल तर तिच्यात आवाज त्या कारखानदाराचाच आहे. फक्त तोंड तुमचं आहे.

बंदी गळकी आहे, हे मला ठाऊक आहे. बंदी होती आणि पुडी त्यांच्या खिशातही होती. पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकून कायद्याला वळसा घालण्याची युक्ती देशभर चालली. पण यावरून काय सिद्ध होतं? टपरीवाल्याला पकडून फोटो काढण्याऐवजी गोदामापर्यंत जायला हवं, एवढंच.

आता माझ्या स्वतःच्या दुकानाकडे येऊ. नाहीतर तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना दुसऱ्याच्या धंद्यावर सक्ती फार सुचते.

छातीत कळ येऊन माणूस कॅथलॅबच्या टेबलावर आडवा आहे. बाहेर मुलीच्या हातात कागद दिलाय: साधा स्टेंट, भारी स्टेंट, अति भारी स्टेंट. तिला यातलं काही कळत नाही. चार दुकानं फिरून येते, असं म्हणायला वेळ नाही. हा मुक्त बाजार नाही. २०१७ सालच्या फेब्रुवारीत सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३० हजार रुपयांवर आणली. त्याआधी काही स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजावे लागत होते. या निर्णयाला किंमत होती, हेही सांगतो. काही कंपन्यांनी आपले नवे स्टेंट बाजारातून मागे घ्यायची परवानगी मागितली. सक्ती फुकट मिळत नाही. तरीही आडव्या पडलेल्या गिऱ्हाइकासाठी मी हे मोल द्यायला तयार आहे.

दुसरं उदाहरण आम्हा डॉक्टरांना आणखी झोंबणारं. गर्भलिंग निदानाचा सौदा बघा. घेणारा राजी, देणारा राजी, पैसे रोख. इजा होते ती तिसऱ्याला, म्हणजे जिला या सौद्यात तोंडच नाही अशा मुलीला. महाराष्ट्राने १९८८ साली यावर देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला. तेव्हापासून सोनोग्राफीच्या यंत्राची नोंदणी करा, गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा फॉर्म भरा, नोंदी जपा. आमच्या बैठकांत या कागदपत्रांवर जेवढा राग निघतो, तेवढा मुली का कमी झाल्या यावर निघाला असता तर बरं झालं असतं. ही सक्ती माझ्यावर आहे आणि ती मला मान्य आहे.

इथवर वाचून "सरकारने कडक व्हायलाच हवं" असं म्हणणारी मंडळी खूश झाली असतील. जरा थांबा. आता तुमची पाळी.

पुणं, १८९७. प्लेगची साथ. इंग्रज सरकारने त्या वर्षी साथरोग कायदा केला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली घरोघर सैनिक घुसवले. हेतू काय? साथ आटोक्यात आणणं. पद्धत कोणती? परक्या सोजिरांनी माजघरात शिरायचं, बायकांच्या अंगाला हात लावून गाठी शोधायच्या, रोगी ओढून न्यायचे, सामानसुमान जाळायचं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास आपल्याला शाळेत शिकवला जातो. त्यातला वैद्यकीय धडा मात्र राहून जातो. लोक रोगी लपवू लागले. आणि लपवलेला रोगी म्हणजे न दिसणारी साथ. ज्या जबरदस्तीने साथ थांबायची, तिनेच साथीचा माग पुसला.

ते इंग्रज होते, म्हणाल. मग १९७६ घ्या. आणीबाणी चालू होती. त्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या किती मनापासून झाल्या, हे तेव्हाच्या शिक्षकांना आणि तलाठ्यांना विचारा. त्यांच्या डोक्यावर कोटा होता. आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं, न केल्यास कैदेची तरतूद असलेलं विधेयक मंजूर केलं. ते कायदा झालं नाही, हे आपलं नशीब.

परिणाम काय झाला? पुरुष नसबंदीच्या नावाने जी धास्ती बसली, ती आजही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचं प्रमाण होतं ३७.९ टक्के, पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया जास्त सोपी, टाके घालायचीही बहुधा गरज नाही, तरी पोटावर सुरी चालते ती बायकांच्या. याला पुरुषी अहंकार कारण आहेच. पण त्या दोन वर्षांच्या दंडुकेशाहीचा वाटाही मोठा आहे.

याच्या शेजारी पोलिओ ठेवा. १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला. डोस घेतलाच पाहिजे, नाहीतर तुरुंग, असा कायदा नव्हता. आशाताई, अंगणवाडीताई आणि बूथवरचे स्वयंसेवक होते. ज्या मोहल्ल्यात नकार मिळे तिथे परत जायचं, मौलवींना, सरपंचांना, आजीला भेटायचं. वेळ लागला. पण शेवटचा रुग्ण २०११ सालच्या जानेवारीत सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

तेव्हा माझी रेघ अशी आहे. सरकारचा हात दुकानापर्यंत, कारखान्यापर्यंत, माझ्या दवाखान्यापर्यंत खुशाल यावा. तुमच्या कातडीला तो लागता कामा नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली करोना लसीच्या खटल्यात म्हटलं की कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही; मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी आणि प्रमाणशीर बंधनं घालता येतील. मी लशीचा कट्टर समर्थक आहे. आणि म्हणूनच मला ती सक्तीने टोचायची नाही. सक्तीने टोचलेली एक लस पुढच्या दहा लशींवरचा विश्वास घालवते.

"मग हेल्मेटचं काय?" पुण्याहून हा प्रश्न येणारच! खरं सांगतो, हेल्मेट माझ्या रेघेवर बसतं. पण रस्ता सगळ्यांचा आहे. तिथे गाडी चालवायला परवाना लागतो, सिग्नल पाळावा लागतो, तशीच ही त्या रस्त्याची एक अट. घरात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर येऊन कुणी हेल्मेट ठोकत नाही. दंड आहे, सुई नाही. तुम्हाला पटत नसेल तर जरूर भांडा, पण भांडायला डोकं शाबूत ठेवा.

उद्या कुठलीही नवी सक्ती आली की दोन्ही बाजूंच्या घोषणा बाजूला ठेवा आणि हे विचारा. सक्ती विकणाऱ्यावर आहे की माझ्या शरीरावर? मी नाही म्हटलं तर इजा मलाच होईल की शेजाऱ्यालाही? समजावून काम होण्यासारखं होतं का, आणि तसा प्रयत्न झाला का? दाद मागायला जागा आहे का? आणि बाजाराचे गोडवे कुणी गाऊ लागलं तर त्यालाही विचारा: गिऱ्हाइकाला माहिती आहे का, आणि त्याला उठून जाता येतं का?

त्या गृहस्थांना मी शेवटी एवढंच म्हटलं, "गुटखा सोडाच अशी सक्ती मी तुमच्यावर करणार नाही, आणि सरकारनेही करू नये. पण सहाव्यांदा सोडायचं ठरवलंत तर या वेळी एकटे लढू नका." तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तो क्रमांक त्यांना लिहून दिला, दंतवैद्यांकडे पाठवलं आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

तुमच्या घरात कुणी सुपारी, मावा, गुटखा खात असेल तर आज रात्री जेवायच्या आधी त्यांना तीन बोटं तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर उद्याच दाखवा. सांगा, समजवा, विनवा. आपल्या माणसाशी भांडायलाही मिलची काही हरकत नव्हती.