सिस्टर थकली आहे, तिला झोपू द्या



गेल्या हिवाळ्यात आम्ही एका नातलगाकडे एलियाहू हनाबीच्या मलिद्याला गेलो होतो. घरची सून इस्पितळात नर्स आहे. रात्रीची मिश्मेरेत संपवून ती सकाळी आठला घरी आली आणि कपडे बदलून तशीच नारळ खवायला बसली. पाहुणे जमू लागले तसे कोणी तिला ब्लडप्रेशर बघायला सांगितले, कोणी कुपत खोलीमचा रिपोर्ट पुढे केला. खोटे कशाला सांगा, आमच्या गुडघ्याचे एक्सरेसुद्धा पिशवीत तयारच होते! ती हळूच म्हणाली, "मावशी, उद्या बघू का? काल रात्री अडतीस पेशंट आणि आम्ही तिघी. पहाटे एक आजी गेल्या. मला रडूसुद्धा आलं नाही. पूर्वी यायचं."

एक्सरे पिशवीतच राहिले. पण तिचे ते शेवटचे वाक्य आमच्या मनातून जाईना.

हिब्रूत याला 'श्खिका' म्हणतात, म्हणजे घासून घासून झिजणे. सहाणेवर चंदन झिजते तसे. अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसतज्ज्ञांनी १९७४ साली यावर लिहिले आणि त्याला 'बर्नआउट' म्हटले. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाख आणि सुझान जॅक्सन यांनी ते मोजण्याची प्रश्नावली केली. त्यात तीन गोष्टी बघतात. पहिली, मन पार रिकामे होणे. दुसरी, माणसांविषयी तुटकपणा. आजीचे नाव आठवत नाही, ती 'सात नंबरचा बेड' होते. तिसरी, आपल्या हातून काही चांगले होतच नाही असे वाटणे. साधा थकवा दोन दिवस झोपले की जातो. हा जात नाही, कारण सुट्टी संपली की बाई परत त्याच वॉर्डात उभी राहते.

आपल्याकडे लगेच म्हणतात, "आजकालच्या मुलींना सोसत नाही. आमच्या वेळी मुंबईत आम्ही डबल ड्यूटी करत होतो." आपल्या समाजातील कितीतरी बायकांनी मुंबईत आणि इथे येऊन नर्सिंग केले, त्यांच्या कष्टांना आमचा सलाम. पण यात सोसण्यापेक्षा हिशेबाचा प्रश्न मोठा आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ इस्पितळांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, आणि ऑपरेशन झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. म्हणजे ती झिजते तेव्हा खाटेवरच्या आपल्याच आईबाबांना धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजारात न धरता कामाच्या जागेशी जोडले.

आपल्या देशात हे दुखणे जुने आहे. हिवाळ्यात फ्लू आला की पनिमितचे वॉर्ड भरतात आणि खाटा मिस्दरोनमध्ये लागतात. १९९९ च्या निवडणुकीत एहुद बराक यांनी मिस्दरोनमधल्या म्हातारीचा विषय काढला होता, तो अजून लोकांच्या तोंडी आहे. कोरोनाच्या काळात, २० जुलै २०२० रोजी नर्सेसनी देशभर संप केला. त्याच दिवशी सरकारने २,००० नर्सेस वाढवण्याचे कबूल केले. एका दिवसात कबूल करता येते, तर ते संपाआधी का सुचू नये?

सरकारचे सरकार बघेल. आपल्या घरात आपण काय करू शकतो? हिब्रूत नर्सला 'अखोत' म्हणतात आणि मुंबईत आपण 'सिस्टर' म्हणत होतो. दोन्हीचा अर्थ बहीणच. बहीण म्हटली की आपण तिला कधीही हाक मारतो, तिथेच चुकते. लायला करून आलेल्या मुलीची झोप मोडू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सणाचा स्वयंपाक तिच्या मिश्मेरेतप्रमाणे वाटून घ्या, मुलगे आणि नवरेही पोळपाट धरू शकतात. आपले रिपोर्ट कुपत खोलीमच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि नर्सभगिनींनो, रडू येईनासे झाले, कामावर जायच्या आदल्या रात्री छातीत धडधडू लागले, तर गप्प बसू नका. वॉर्डच्या अखराईतशी बोला, आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. दुसऱ्यांना तुम्ही हेच सांगता ना?

त्या सुनेने पुढे महिनाभर रात्रपाळ्या कमी करून घेतल्या. परवा फोनवर तिनेच आठवण केली, "मावशी, गुडघ्याचे एक्सरे आणणार होतात ना?" आम्ही म्हटले, "डॉक्टरांना दाखवले ग. तू नुसती चहाला ये."

आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा.