विश्लेषण : नवऱ्याची बदली, बायकोची पदवी, सैनिक कुटुंबात घरबसल्या करिअर कसे उभे राहते?

सैन्यातील बदलीचा आदेश एकाच्या नावाने निघतो, सामान मात्र अख्ख्या घराचे बांधले जाते. त्या सामानात पत्नीची अर्धवट राहिलेली पदवी आणि तिने सोडलेली नोकरीही असते. माहुलच्या शेजारी मानखुर्दला ‘आयएनएस तानाजी’ हा नौदलाचा तळ आहे. पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्राची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. म्हणजे चेंबूर-माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यात सतत बदलीवर असणारी कुटुंबे नवीन नाहीत. पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी या लष्करी ठाण्यांत आणि सातारा-कोल्हापूरच्या गावांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. पुन्हा शिकून घरबसल्या काम करणे हे त्याचे उत्तर म्हणून सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

प्रश्न नेमका काय आहे?

दर दोन-तीन वर्षांनी ठिकाण बदलते. एका शहरात शाळेत किंवा कंपनीत मिळालेली नोकरी दुसऱ्या शहरात उपयोगी पडतेच असे नाही. पती सीमेवरच्या ठाण्यावर गेला की कुटुंब सोबत नेता येत नाही. मग मुले, सासू-सासरे, बँक, दवाखाना सगळे एकटीवर येते. नोकरीच्या अर्जात तीन वर्षे इथे, दोन वर्षे तिथे आणि मध्ये रिकामी जागा असे चित्र दिसते. मुलाखत घेणाऱ्याला त्या रिकाम्या जागेचे कारण ठाऊक नसते.

यात पैशाचा भाग मोठा आहे. जवान साधारण पंधरा ते वीस वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. नेमके त्याच सुमारास मुले दहावी-बारावीला येतात आणि सरकारी निवासस्थान सोडावे लागते. पेन्शन असते, पण घरभाडे, शिक्षण आणि कर्जाचे हप्ते एकाच वेळी सुरू होतात. त्या दिवशी घरात दुसरे उत्पन्न आहे की नाही, याचा निर्णय दहा वर्षे आधी पत्नीने पुस्तक उघडले की नाही यावर ठरलेला असतो.

अर्धवट पदवी वाया जाते का?

आता तितकी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वाटेवर थांबे आले. एक वर्ष आणि ४० श्रेयांक पूर्ण केले तर प्रमाणपत्र, दोन वर्षे आणि ८० श्रेयांकांवर पदविका, तीन वर्षे आणि १२० श्रेयांकांवर पदवी. मध्ये बाहेर पडलेल्या विद्यार्थिनीला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. मात्र जुन्या पद्धतीने झालेल्या वर्षांचे काय धरायचे, हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमाने ठरवते. म्हणून नव्याने प्रवेश घेण्याआधी जुन्या गुणपत्रिका दाखवून लेखी उत्तर घ्यावे.

शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी किंवा बारावी बाहेरून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्गही आहे. ती संस्था देशभर चालत असल्याने परराज्यात बदली झालेल्यांना सोयीची पडते.

अडचण बहुतेकदा अभ्यासाची नसून कागदाची असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि बँकेत तिसरेच, असे झाले की ऑनलाइन अर्ज अडतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल आधी करून घेतला तर पुढचे महिने वाचतात. आधीच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही बदलीच्या गडबडीआधी काढून ठेवावे.

मुक्त विद्यापीठ निवडताना काय पाहावे?

महाराष्ट्रात तीन मोठे पर्याय आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालते आणि मराठी माध्यमातील स्वयं-अध्ययन पुस्तके ही त्याची खरी ताकद आहे. मुंबई विद्यापीठाचा दूरस्थ विभाग १९७१ चा. अनेक वर्षे ‘आयडॉल’ या नावाने तो ओळखला गेला. तिसरे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चे.

सैनिक कुटुंबासाठी यातला फरक महत्त्वाचा आहे. राज्य विद्यापीठांचे दूरस्थ अभ्यासक्रम त्यांच्या कार्यक्षेत्रापुरते असतात. नवऱ्याची बदली जोधपूरला झाली तर नाशिकच्या विद्यापीठाची परीक्षा द्यायला महाराष्ट्रात यावे लागेल. इग्नूला देशभर कार्यक्षेत्र आहे, प्रादेशिक केंद्र बदलून घेता येते आणि सैन्यदलांसाठी त्यांची स्वतंत्र मान्यताप्राप्त केंद्रेही आहेत. गावी सासरी राहणार असेल आणि मराठीतून शिकायचे असेल तर नाशिक. पतीसोबत राज्याराज्यांत फिरावे लागणार असेल तर इग्नू किंवा पूर्ण ऑनलाइन पदवी, असा साधा हिशेब आहे. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला कार्यक्षेत्राची अट नसते.

मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे तपासल्याशिवाय फी भरू नये. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, कायदा, वास्तुशास्त्र अशा विषयांची दूरस्थ पदवी चालत नाही. कोणी घरबसल्या परिचारिका करून देतो म्हणत असेल तर तिथूनच परत फिरावे.

रोज किती वेळ लागतो?

इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. १२० श्रेयांकांची पदवी धरली तर ३,६०० तास होतात. तीन वर्षांत संपवायची तर रोज सव्वातीन तास, सुट्टी न घेता. लहान मूल असलेल्या आणि नवरा सीमेवर असलेल्या घरात हे जमत नाही. दुसऱ्या सत्रात गृहपाठ राहतो आणि ‘आपल्याला जमणार नाही’ असे वाटू लागते. हीच पदवी सहा वर्षांत करायची ठरवली तर रोज सुमारे पावणेदोन तास पुरतात. इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांची मुदत मिळते. ती मुदत मागे पडलेल्यांची सोय म्हणून न पाहता सुरुवातीपासूनच वेळापत्रक म्हणून धरली तर गळती कमी होईल.

घरबसल्या कोणते काम खरोखर मिळते?

इथे स्वप्न आणि बाजार वेगळे करावे लागतात. करोनाकाळात घरून चालणारी बरीच कामे नंतर कार्यालयात परतली. पूर्णपणे घरून होणाऱ्या कामासाठी स्पर्धा देशभराची असते, कारण माहुलमधली अर्जदार आणि इंदूरमधली अर्जदार एकाच रांगेत उभ्या असतात. त्यामुळे ‘संगणक येतो’ एवढ्यावर काम मिळत नाही. एक ठोस कौशल्य लागते.

टिकणारी कामे साधारण अशी आहेत. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना लहान दुकानदारांचे हिशेब, टॅली आणि जीएसटी विवरणपत्रे. परीक्षा देऊन जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीही होते आणि गिऱ्हाईक जुन्या शहरात राहिले तरी काम थांबत नाही. जीवशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्यांना मेडिकल कोडिंग. पण बहुतेक कंपन्या सुरुवातीला काही काळ कार्यालयात बोलावतात. भाषा चांगली असलेल्यांना भाषांतर, उपशीर्षके, मजकूर तपासणे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही नीट येणाऱ्या, शिवाय चार राज्यांत राहून आणखी एखादी भाषा कानावर पडलेल्या सैनिकपत्नीची ही जमेची बाजू आहे, ती सहसा अर्जात लिहिलीच जात नाही. शिकवण्याची आवड असेल तर ऑनलाइन शिकवण्या. अधिक लांबचा पल्ला गाठायचा असेल तर कंपनी सेक्रेटरीसारखी व्यावसायिक परीक्षा, जिचा बराच अभ्यास घरून होतो.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर २०१७ पासून मोफत अभ्यासक्रम आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क पडते. पदवीचा मोठा निर्णय घेण्याआधी एखादा अभ्यासक्रम तिथे पूर्ण करून पाहावा. आवड आणि चिकाटी दोन्हींची परीक्षा कमी खर्चात होते.

सरकारी निवासस्थानातून शिकवणी किंवा व्यवसाय चालवायचा असेल तर स्थानिक मुख्यालयाची परवानगी विचारून घ्यावी. व्हिडीओ कॉलवर खिडकीबाहेरचा परिसर, गणवेश, युनिटचे नाव दिसू नये, ही काळजी कामाच्या शिस्तीचाच भाग मानावी.

फसवणूक कशी ओळखावी?

घरबसल्या कामाच्या नावाने होणारी फसवणूक दोन प्रकारे चालते. पहिल्या प्रकारात डेटा एन्ट्रीचे काम देऊन ऑनलाइन करारावर सही घेतली जाते, मग ‘चुका झाल्या’ म्हणून वकिलाची नोटीस दाखवून दंड मागितला जातो. दुसऱ्यात व्हिडीओला लाइक देण्याचे किंवा हॉटेलला रेटिंग देण्याचे काम मिळते, पहिले दोन-तीनशे रुपये खरेच येतात आणि नंतर मोठी रक्कम ‘गुंतवायला’ सांगितली जाते. कामासाठी आधी पैसे मागणारा मालक नसतो, ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे. पैसे गेलेच तर लाजेखातर गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे; पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

सरकारी योजनांना पत्नी दिसते का?

विधवा झाल्यावर दिसते. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक हुतात्मा झाले. स्वाती महाडिक यांनी वयाची सवलत मिळवून, परीक्षा देऊन सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या अकादमीतून अधिकारीपद मिळवले. विरारच्या गौरी महाडिक कंपनी सेक्रेटरी आणि वकील होत्या. पती मेजर प्रसाद महाडिक यांच्या २०१७ मधील मृत्यूनंतर नोकरी सोडून त्या २०२० मध्ये सैन्यात अधिकारी झाल्या. या दोघींचा महाराष्ट्राला अभिमान आहे. पण सैनिकाच्या पत्नीच्या शिक्षणाकडे समाजाचे लक्ष जाण्यासाठी आधी तिच्या घरी तिरंग्यात लपेटलेली शवपेटी यावी लागते, हे बरे लक्षण नाही.

योजनांची रचनाही तशीच आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे. पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम मुख्यतः निवृत्त होणाऱ्या सैनिकासाठी असतात. सेवेत असलेल्या जवानाच्या पत्नीसाठी आर्मी विमेन वेल्फेअर असोसिएशनसारख्या संघटना आहेत. ही संघटना १९६६ पासून काम करते. तिच्या शिवणकाम, ब्युटी पार्लर, संगणक अशा वर्गांनी अनेकींना हात दिला. मात्र वर्ग एका ठाण्यावर चालतो आणि बदली झाली की सुटतो.

बाहेर काय चालते?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ‘मायका’ ही योजना कनिष्ठ हुद्द्यांवरील सैनिकांच्या जोडीदारांना परवाना, प्रमाणपत्र किंवा सहयोगी पदवीसाठी ४,००० डॉलरपर्यंत मदत देते. अट अशी की शिक्षण सोबत नेता येणाऱ्या करिअरचे असावे. एका राज्यातील व्यावसायिक परवाना बदलीनंतर दुसऱ्या राज्यात चालावा म्हणून तिथे २०२३ मध्ये केंद्रीय कायदाही झाला. तरीही जोडीदारांमधील बेरोजगारी तिथे अनेक वर्षे वीस टक्क्यांच्या आसपास राहिली. म्हणजे केवळ फी दिल्याने प्रश्न सुटत नाही. काम देणाराही तयार करावा लागतो.

महाराष्ट्राने काय करावे?

विवाहित स्त्रीला पुन्हा शिकवण्याची परंपरा इथे जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. घरसंसार सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी तिथे वर्ग भरले, शिक्षिका आणि परिचारिका घडल्या. शिकणारीच्या वेळेप्रमाणे वर्ग ठेवायचा, हे शहाणपण तेव्हा होते. आजही जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात आजी-माजी सैनिकांच्या पत्नींना विशेष संवर्गात स्थान आहे. सैनिकाच्या बदलीचा भार पत्नीच्या नोकरीवर पडतो, हे सरकारने एकदा मान्य केले आहे. मग तेच तत्त्व शिक्षणाला का लागू नये?

त्यासाठी मोठ्या घोषणेची गरज नाही. मुक्त विद्यापीठाने बदलीचा आदेश दाखवणाऱ्या विद्यार्थिनीला परराज्यात परीक्षेची सोय मिळावी म्हणून अनुदान आयोगाकडे परवानगी मागावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी सेवेतील जवानांच्या पत्नींसाठी परीक्षाशुल्काची छोटी मदत सुरू करावी. पुनर्वसनाच्या अभ्यासक्रमांत निवृत्तीआधीच्या वर्षांत पत्नीसाठीही जागा ठेवाव्यात, कारण निवृत्त एक जण होतो, पण नव्याने सुरुवात दोघांना करावी लागते. आणि राज्यातील कंपन्यांनी निदान एवढे करावे की, घरून होणाऱ्या कामावर असलेली कर्मचारी शहर बदलते म्हणून तिला राजीनामा द्यायला लावू नये.

घरबसल्या काम हा सगळ्यांसाठी उपाय नाही. एका खोलीत मुले, टीव्ही आणि लॅपटॉप एकत्र नांदत नाहीत. घरातल्यांनी ‘घरीच तर आहे’ म्हणणे थांबवले नाही तर दिवसाचे आठ तास कोणालाच मिळत नाहीत. पण प्रत्येक बदलीबरोबर शून्यावर येणाऱ्या बाईला सोबत नेता येईल असे एक कौशल्य आणि एक पदवी देता येते. सैन्य जवानाचे प्रशिक्षण बदलीमुळे वाया जाऊ देत नाही. त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचे शिक्षणही तितक्याच काटकसरीने जपायला हवे.