विचारायचे ते फेरे
पुण्याच्या तापकीर गल्लीत या आठवड्यात एक तरुण सुऱ्यांच्या मुठी घासायला छोटा बेल्ट ग्राइंडर जुळवत होता आणि त्याचा एकच प्रश्न होता : मोटर किती एचपीची? बुधवार पेठेत मोटर घ्यायला आलेले बहुतेक जण हेच विचारतात. माझं मत पक्कं आहे : मुठीच्या कामाला अर्धा एचपी पुष्कळ झाला, विचारायचे ते फेरे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २८०० फेरे घेते. तिला १०० मिलिमीटरचं चाक लावलं की पट्टा सेकंदाला जवळजवळ १५ मीटर पळतो. पात्याला हा वेग छान, पण शिसवी मूठ डोळ्यांदेखत काळी पडते आणि पितळी रिव्हेट तापून आतलं इपॉक्सी ढिलं करते. म्हणून चार पोलची घ्या. फेरे १४००, वेग निम्मा, हात सावरायला सवड. पट्टा २५ मिलिमीटर रुंदीचाच. ५० चा दिसतो दणकट, पण बोटांच्या खाचेत शिरणार कसा? शिवाय पट्ट्यामागची लोखंडी पाटी काढता आली पाहिजे, कारण तळव्यात बसणारी गोलाई मोकळ्या, किंचित दबणाऱ्या पट्ट्यावरच येते. ८० नंबरनं आकार, मग १२०, २४०. पुढचं सगळं हातानं, पॉलिश पेपरनं, आणि त्यात घाई नको. शिसवाची धूळ छातीला आणि कातडीला त्रास देते, तेव्हा घरच्या बाल्कनीत यंत्र मांडणाऱ्यांनो, चांगला मास्क आधी घ्या, मोटर नंतर.