चिलापीचे कालवण

काष्टीचा शनिवारचा बाजार उरकला, की रविवारी आमच्याकडे कालवण ठरलेले. या हिवाळ्यात मात्र कालवण खायला आम्ही घराबाहेर पडलो. काष्टीहून दौंड, दौंडहून भिगवण. भाकरी बांधून घेतल्या होत्या, म्हणजे खर्च फक्त गाडीभाड्याचा, होडीचा आणि कालवणाचा.

भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात, पण पाणी मागे थेट इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंडच्या शिवारापर्यंत पसरलेले. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून हंसही येतात. कुंभारगावला होडीत बसलो. नातू रोहित मोजू लागला, शंभरावर गेल्यावर थकला. होडीवाले दादा म्हणाले, "बाळा, वरचं पाहिलंस. खाली आमची गावं हायेत." पळसदेवचे जुने दगडी देऊळ पाणी ओसरले की उन्हाळ्यात वर दिसते. मातीच्या घरांचे मात्र काहीच दिसत नाही.

दुपारी खानावळीत भाकरी सोडल्या आणि चिलापीचे कालवण मागवले. शेजारी पुण्याहून मोटारीने आलेले कुटुंब बोटे चाटून जेवत होते. नातू हळूच म्हणाला, "आजी, मी डब्यात मासा नेला तेव्हा पोरं लांब सरकून बसली. मग ही माणसं एवढ्या लांबून कशाला आली?"

माझा घास हातातच राहिला. आमच्या लहानपणी आई दार लावून मासा भाजायची, वास शेजारी जाऊ नये म्हणून. दार लावणे हीच आम्हाला रीत वाटायची. पोराने मात्र सरळ प्रश्न विचारला.

ही चिलापी मूळची आफ्रिकेची. 1952 मध्ये भारतात आणली गेली. शेवाळ, किडे, मिळेल ते खाऊन वाढते, झपाट्याने पसरते, म्हणून गरिबाच्या ताटात स्वस्तात आली.

परतताना भिगवणच्या बाजारातून किलोभर घेतली. भगिनींनो, खवले काढून, पोट साफ करून तुकड्यांना मीठ-हळद लावावी. कांदा व सुके खोबरे भाजून लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटावे. वाटण तेलात परतून काळा मसाला घालावा, मग चिंचेचे पाणी. उकळी आल्यावर शेवटी तुकड्या सोडाव्यात. डाव फिरवू नये, पातेलेच हलवावे, नाहीतर मासा मोडतो.

सोमवारी डब्यात काय देऊ, असे विचारले. नातू क्षणभर थांबला. मग म्हणाला, "तळलेली तुकडी दे. कुणी सरकलं तर मी त्याला रोहित पक्ष्यांची गोष्ट सांगीन."

मुलांच्या डब्यात काय आहे ते आपण पाहतोच. डबा उघडताना त्यांची मान वर असते का, तेही एकदा विचारून पाहा.