वारा आमच्या माळाचा, वाटा कुणाचा?

पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला वनकुसवड्याचे पठार आहे. उंची हजार-अकराशे मीटर, पाऊस बेसुमार, जमीन मुरमाड. नाचणी-वरी पिकवून पोट भरत नाही म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पवनचक्क्या आल्या. जमिनीचा भाव काय ठरला? नाचणीचा. मुरमाड माळाला आणखी काय मिळणार, असे दलालाने सांगितले आणि आम्हीही मान डोलावली.

वाऱ्याचे गणित वेगळे आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे चार कोसांवरच्या काळ्याभोर रानापेक्षा उघडा, उजाड माळ वीज कंपनीला कितीतरी मोलाचा. हे विकत घेणाऱ्याला ठाऊक होते, विकणाऱ्याला नव्हते. वाऱ्याचे मोजमाप करणारे खांब आधी उभे राहिले, सौदे मागाहून झाले.

पैसा लावणारेही सगळे विजेसाठी आले असे नाही. पवनचक्कीच्या किमतीच्या ८० टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवून आयकर वाचवता येत होता. २०१७ पासून ही सवलत ४० टक्क्यांवर आली. त्याच वर्षी लिलाव सुरू झाले आणि पवनविजेचा दर फेब्रुवारीतल्या ३ रुपये ४६ पैशांवरून डिसेंबरात २ रुपये ४३ पैशांवर उतरला. विजेचा भाव पाडला की कंपनी खर्च कुठे कापणार, हे कांदा विकणाऱ्याला सांगायला नको.

आता हा विषय पुन्हा का काढला? पवनचक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे धरतात. वनकुसवड्यावर साडेतीनशे किलोवॉटची जुनी यंत्रे आहेत. आज एकेक यंत्र तीन हजार किलोवॉटचे येते. जुनी काढून नवी बसवण्याचे केंद्राचे धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आले आहे. नवी यंत्रे येतील तेव्हा पाती लांब, रस्ते रुंद, तारा नव्या. म्हणजे पुन्हा जमीन लागणार, पुन्हा सही लागणार. ज्यांनी जमीन विकली त्यांच्या हातात आता थोडेच आहे. ज्यांनी भाडेपट्ट्याने दिली, ज्यांच्या बांधावरून रस्ता जातो, त्यांच्या हातात मात्र पुष्कळ आहे.

सौर वाहिनी योजनेत सरकारने २०२३ मध्ये हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ जाहीर केली. हा दर पुरेसा की अपुरा यावर वाद घालू, पण दर उघड आहे. वाऱ्याचा सौदा मात्र एकेकट्या शेतकऱ्याला गाठून बंद दाराआड होतो. आमची मागणी एवढीच: भाडे एकरावर नको, निघालेल्या युनिटवर हवे.

यात अशक्य काही नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोर समुद्रात २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातला निम्मा हिस्सा साडेआठ हजारांवर सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेचा होता. सहकाराच्या नावाने इकडे काय झाले ते आपण जाणतोच. पण मालकी गावाची असू शकते एवढे तिथे दिसले.

आपल्या समुद्रात अजून एकही व्यापारी पवनचक्की नाही. धोरण मात्र २०१५ पासून आहे. जून २०२४ मध्ये गुजरात आणि तामिळनाडू मिळून हजार मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची मदत मंजूर झाली. समुद्रातली वीज महाग पडते म्हणून तूट सरकार भरणार. भरावी. तोटा होतो म्हणून मदत द्यायची हे तत्त्व सरकारला मान्य आहे, याची आम्ही नोंद घेतली आहे.

आणखी एक. आपल्याकडे पवनचक्की सर्वांत जोरात फिरते ती जून ते सप्टेंबर, म्हणजे शेतातली मोटर बंद असते तेव्हा. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत वारा पडलेला असतो. वीज साठवण्याची सोय झाल्याखेरीज माळावरचा पंखा आपल्या विहिरीच्या फारसा कामाचा नाही.

जिल्हा बैठकीला येताना पवनचक्कीच्या गावांनी आपापले भाडेपट्टे, रस्त्याचे संमतीपत्र आणि सातबाराचे उतारे बरोबर आणावेत. मुदत कधी संपते, ती तारीख आधी पाहून ठेवावी. त्या तारखेपर्यंत कुणीही एकट्याने नव्या कागदावर सही करू नये.