पदराची थट्टा

अमेरिकेत फेब्रुवारी २००९मध्ये ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ नावाची एक स्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पुरुषांनी स्त्रीवेश धारण करावा, झगमगत्या पोशाखात मंचावर मिरवावे, परीक्षकांनी गुण द्यावेत आणि दर आठवड्याला एकाला घरी पाठवावे, असे तिचे स्वरूप. एका छोट्या वाहिनीवर जन्मलेला हा कार्यक्रम पुढे मोठ्या वाहिन्यांवर गेला, त्याच्या शाखा देशोदेशी निघाल्या आणि एमी पुरस्कारांची रास त्याच्यापुढे पडली. नव्या पर्वाचा पहिला भाग गाजावा म्हणून परीक्षकांच्या खुर्चीत एखादी जगद्विख्यात तारका पाहुणी म्हणून बसविण्याचा तेथे प्रघात आहे. २०१७च्या पर्वारंभी लेडी गागा आली, २०२३च्या पर्वारंभी आरियाना ग्रांदे. तारका आली की वृत्तपत्रे आली, वृत्तपत्रे आली की प्रेक्षक आले आणि प्रेक्षक आले की जाहिरातदार धावत येतात. बाजाराचे हे साधे गणित आहे.

या कार्यक्रमाचे कौतुक करणारा एक वर्ग आता मुंबई-पुण्यातही आहे. पुरुषाने स्त्रीवेशात मंचावर येणे ही जणू पाश्चात्त्यांनी मानवजातीला दिलेली मुक्तीची देणगी आहे आणि मागासलेल्या हिंदू समाजाने ती कृतज्ञतेने पदरात घ्यावी, असा या मंडळींचा सूर असतो. दुसरीकडे, असले काही कानावर पडताच ‘संस्कृती बुडाली’ म्हणून कपाळावर हात मारणारे सज्जनही आहेत. दोघांचेही अज्ञान सारखेच आहे. ज्या महाराष्ट्राने पाऊण शतक पुरुष नायिकेला डोक्यावर घेतले, त्या महाराष्ट्राला या विषयाचे धडे अमेरिकेकडून घेण्याची गरज नाही; आणि त्याला दचकण्याचेही कारण नाही.

नाशिकची साक्ष

या गोष्टीची साक्ष द्यायला नाशिकइतके योग्य शहर दुसरे नाही. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री येथील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांना बळी पडला, हे प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असते. त्या रात्री तेथे कोणते नाटक होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीचे ते नाटक होते देवलांचे ‘शारदा’. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या अल्पवयीन मुलीची ती करुण कथा; आणि त्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणे तिच्यातील स्त्रीभूमिका पुरुषच करीत.

यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. पुरुषाने नऊवारी नेसून उभी केलेली शारदा पाहून प्रेक्षागारातील बाप, काका आणि आजोबा खजील होत होते. आपल्या घरातील पोरीचे दुःख त्यांना एका पुरुषाच्या मुखातून ऐकू येत होते. तो पदर हसण्यासाठी नव्हता. समाजाच्या डोळ्यांत अंजन घालण्याचे काम त्या पदराने केले.

नाशिकचा दुसरा दाखला दादासाहेब फाळके यांचा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या कलावंताने १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या आणि प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडले. त्यात कोणाला हसू आले नाही.

पण फाळके तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘हरिश्चंद्रा’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला आणि त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. भारतीय पडद्यावर स्त्रीने केलेल्या या पहिल्या भूमिका. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेले साक्षात विष्णू! देव पुरुष, रूप स्त्रीचे आणि ते साकारणारी खरीखुरी मुलगी. ज्या संस्कृतीत मोहिनी आहे, बृहन्नडा झालेला अर्जुन आहे आणि अर्धनारीनटेश्वराची पूजा आहे, तिला वेशांतराचे वावडे असण्याचे कारणच काय?

साधना आणि तमाशबिनी

स्त्रीभूमिकेचा कळस म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस अर्थात बालगंधर्व. त्यांची भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू पाहून घरंदाज स्त्रिया साडी कशी नेसावी, गजरा कसा माळावा हे शिकल्या, ही अतिशयोक्ती नव्हे. १९११मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहानगी मुलगी वारली. घरात प्रेत असताना त्यांनी तोंडाला रंग लावला आणि भामिनी उभी केली. जुलै १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केला. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. स्त्रीवेशातील या पुरुषाने स्वराज्याच्या झोळीत दान टाकले. स्वतंत्र भारताने १९६४मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. हा सन्मान साडीला नव्हता, त्या साडीमागच्या साधनेला होता.

आता त्या गाजलेल्या अमेरिकन स्पर्धेकडे पाहावे. ज्या दोन स्पर्धकांवर बाहेर जाण्याची वेळ येते, त्यांना शेवटची संधी म्हणून एक गाणे दिले जाते. ते त्यांनी गायचे नसते. ध्वनिमुद्रित गाण्यावर केवळ ओठ हलवायचे असतात. ज्याचे ओठ, हावभाव आणि उड्या अधिक चमकदार, तो तरला. पोशाखासाठी, रंगभूषेसाठी हे लोक मेहनत घेतात हे खरेच. पण ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ घेत पहाटेपर्यंत स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्या नारायणरावांच्या महाराष्ट्राने या ओठ हलविण्याला कलेची परमावधी मानायचे काय?

येथे न्याय्य बोलले पाहिजे. मुंबईच्या सुशांत दिवगीकर यांनी २०१८मध्ये झी टीव्हीच्या ‘सा रे ग म प’ या स्पर्धेत स्त्रीवेशात गाऊन दाखविले, पुरुषी आणि स्त्री असे दोन्ही आवाज लावले. २०२१मध्ये ‘क्वीन ऑफ द युनिव्हर्स’ या परदेशी गायनस्पर्धेत ‘रानी कोहेनूर’ या नावाने भारतातून त्याच गेल्या. तेथे ओठ हलवून भागत नव्हते, गावे लागत होते. त्यांच्या जीवनविषयक मतांशी कोणी सहमत असो वा नसो, गळ्याची परीक्षा गळ्यानेच दिली एवढे मान्य करायला हवे. कसोटी वेशाची नाहीच. त्या वेशाआड साधना आहे की नुसता बाजार, ही कसोटी आहे.

घरच्या पडद्यावर काय चालले आहे?

अमेरिकेला बोल लावणे सोपे असते. आपल्या दिवाणखान्यात काय दिसते? हिंदीत २०१३मध्ये ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ सुरू झाले. त्यात दाढीमिशा काढलेली दादी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्या नटाच्या गळ्यात पडून चुंबने घेई आणि देशभर कुटुंबेच्या कुटुंबे हसत. मराठीत २०१४पासून ‘चला हवा येऊ द्या’ने वर्षानुवर्षे हाच मार्ग चोखाळला. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी तारे-तारका पाहुण्या म्हणून येणार आणि मिशीवाले विनोदवीर साडी नेसून त्यांच्याभोवती नाचणार. हे नट गुणी आहेत. त्यांचा विनोद अनेकदा निर्मळही असतो. पण साडी नेसलेला पुरुष दिसला की हशा, हे समीकरण इतके पक्के झाले की पुढे संवाद लिहिण्याचीही गरज उरली नाही. जाड कंबर, भडक लिपस्टिक, चिरका आवाज, अंगचटीला येणारी काकू, नवऱ्याला छळणारी बायको, विसराळू आजी. मराठी घरातील एकही नाते या थट्टेतून सुटले नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ला १९८८मध्ये महाराष्ट्र हसला नाही काय? अत्र्यांच्या ‘मोरूच्या मावशी’ला विजय चव्हाणांनी घरोघरी नेले नाही काय? हसला, आणि मनमुराद हसला. परंतु तेथे हशा सोंग घेणाऱ्या पुरुषाच्या फजितीला होता. भाड्याच्या खोलीसाठी किंवा प्रेमापायी लटके बोलणाऱ्या तरुणांची तारांबळ उडत होती. स्त्रीत्व हास्याचा विषय नव्हते. आज फजिती पुरुषाची होत नाही. हसे होते ते बाईच्या वयाचे, अंगाचे आणि आवाजाचे. या दोन हशांतला भेद ज्याला कळत नाही, त्याला विनोद कळत नाही असेच म्हणावे लागेल.

आणखी एक प्रश्न वाहिन्यांना विचारला पाहिजे. फाळक्यांना स्त्री मिळाली नाही, म्हणून साळुंके तारामती झाले. बालगंधर्वांच्या काळी कुलीन स्त्रीला रंगभूमी वर्ज्य होती. तो समाजाचा दोष होता, आणि तो दोष होता हे मान्य करण्यात कमीपणा नाही. त्या सक्तीतून एका कलेने जन्म घेतला, तरी सक्ती चांगली ठरत नाही. हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया हिमतीने रंगमंचावर आल्या आणि ती सक्ती संपली. आज अभिनय शिकलेल्या शेकडो मुली नाशिकच्या कालिदास कलामंदिरापासून मुंबईच्या चित्रनगरीपर्यंत काम शोधत हिंडतात. तरीही ‘हवा येऊ द्या’च्या मुख्य संचात दीर्घकाळ श्रेया बुगडे ही एकटीच अभिनेत्री आणि बाकीच्या बायका पुरुष! तेव्हा स्त्रीला मंच नव्हता म्हणून पुरुषाने साडी नेसली. आता पुरुष साडी नेसतो म्हणून स्त्रीला मंच मिळत नाही. याला प्रगती म्हणायचे असेल, तर शब्दकोश बदलावा लागेल.

हशाची किंमत कोण मोजतो?

या हशाची किंमत प्रेक्षक मोजत नाही. ती नट मोजतो आणि त्याचे घर मोजते. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांतील ‘नाच्या’ अजरामर केला. महाराष्ट्राने टाळ्या पिटल्या आणि त्याच महाराष्ट्राने त्या गृहस्थाच्या पुरुषत्वाविषयी कुजबुज केली. हा संसारी माणूस आयुष्यभर त्या एका भूमिकेत कोंडला गेला आणि २००८मध्ये त्याच ओळखीनिशी गेला. पुढे २०१०मध्ये ‘नटरंग’ आला, तेव्हा अशा नाच्याची व्यथा पाहून प्रेक्षकांनी डोळे पुसले. पडद्यावरच्या गुणाला पाझर फोडणाऱ्या समाजाने खऱ्या गणपतरावांना काय दिले होते?

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ‘कॉमेडी नाइट्स’मधील दादी साकारणारे अली असगर २०२२मध्ये ‘झलक दिखला जा’ या नृत्यस्पर्धेत आले, तेव्हा बाबांच्या स्त्रीभूमिकांवरून शाळेत आपल्याला चिडवले जाई, असे त्यांच्या मुलांनीच सांगितले. बाप मंचावर अश्रू ढाळत उभा होता. त्या मुलांना चिडवणारी मुले कोठून आली? ती याच मध्यमवर्गीय घरांतून आली. रात्री आईबाबांसोबत दादीला हसायचे आणि सकाळी दादीच्या लेकराला छळायचे, हा संस्कार कोणत्या पाठ्यपुस्तकात नाही. तो दिवाणखान्यात झाला.

याच हशाचा आणखी एक बळी आहे. जन्मतःच ज्यांची घडण वेगळी आहे, ज्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये तृतीयपंथी म्हणून स्वतंत्र ओळख दिली, त्यांचे जगणे हे सोंग नव्हे. पुरुषाने टाळी वाजवून त्यांची नक्कल केली की प्रेक्षागृह दणाणते. आणि तीच टाळी सिग्नलवर ऐकू आली की मोटारीच्या काचा वर जातात. २०१६मध्ये उज्जैनच्या सिंहस्थात किन्नर आखाड्याने मिरवणूक काढली, तेव्हा लोक दर्शनासाठी दुतर्फा उभे होते. ज्या नाशिकच्या रामकुंडावर सिंहस्थाचे स्नान होते, तेथील माणसाला हा भेद कोणी शिकवायला नको. ज्याला कुंभात नमस्कार करायचा, त्याची दूरचित्रवाणीवर थट्टा करायची नाही. धर्म एवढा सरळ आहे.

बंदी नको, बूज हवी

मग बंदी घालावी काय? अमेरिकेत टेनेसी राज्याने २०२३मध्ये अशा प्रयोगांना आवर घालणारा कायदा केला आणि प्रकरण थेट न्यायालयांत गेले. एकीकडे बाजाराने डोक्यावर घ्यायचे, दुसरीकडे सरकारने दंडुका उगारायचा, हे त्या समाजाचे दोन टोकांवरचे झोके आहेत. हिंदू समाजाला दोहोंची गरज नाही. त्याने लोककलेला सरकारी परवाना विचारला नाही. कोकणात दशावतारी मंडळींत आजही पुरुष रात्री सीता-द्रौपदी होतो आणि पहाटे शेतावर जातो. मांडावर बसलेल्या आयाबाया त्या सीतेला हात जोडतात. तेथे ना पाहुणी परीक्षक लागते, ना गुणफलक. प्रेक्षकाला काय पवित्र आणि काय पाचकळ हे कळते, हीच त्या कलेची राखण आहे.

ही राखण शहरी मध्यमवर्गाने सोडली, म्हणून पडदा मोकाट सुटला. वाहिन्या दुसरे काही जाणत नाहीत; त्या प्रेक्षकसंख्या जाणतात. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी नातवंडांना एकदा बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवावी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात न्यावे आणि तारामती झालेल्या साळुंक्यांची गोष्ट सांगावी. शाखेत कान्हेऱ्यांचा पराक्रम सांगताना त्या रात्रीच्या ‘शारदे’चीही ओळख करून द्यावी. आणि मग दूरचित्रवाणीवर कोणी पुरुष पदर सावरत आला, तर एवढेच पाहावे, की त्याने तो पदर अंगावर घेतला आहे की पायदळी तुडवला आहे. अंगावर घेतला असेल तर मनापासून दाद द्यावी. तुडवला असेल, तर दूरचित्रवाणी बंद करण्याची कळ प्रत्येक घराच्या हातात आहे.