बागेतला वाटा आणि परदेशी पासपोर्ट

डिसेंबरात परदेशातली नणंद यायची म्हटलं, की घरात काय धांदल उडते ते तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. भाजणी दळून आणा, गाद्यांना ऊन दाखवा, मेतकूट करून ठेवा. यंदा आमच्या यादीत आणखी एक गोष्ट होती: हक्कसोडपत्र.

त्याचं असं झालं, मामंजी दोन वर्षांपूर्वी गेले. रत्नागिरी जिल्ह्यात त्यांचं घर आणि घरामागे हापूसची चाळीसेक कलमं आहेत. वारस तिघे. सासूबाई, आमचे हे आणि वन्सं. वन्संना अमेरिकेत तीस वर्षं झाली, तिथलं नागरिकत्वही त्यांनी केव्हाच घेतलं. आता त्यांना निवृत्तीचे वेध लागलेत. "बर्फ उपसून गुडघे गेले गं, आता कोकणातल्या उबेत पडवीत बसून राहायचंय," असं दर फोनला म्हणतात. तेव्हा ह्यांनी ठरवलं, त्या येताहेतच तर सही उरकून घ्यावी. वन्संची काहीच हरकत नव्हती. "मला काय करायचाय वाटा? राहायला दोन खोल्या द्या म्हणजे झालं. बाग हवीशी वाटली तर शेजारची विकत घेऊ की!"

या शेवटच्या वाक्याशी मी थबकले. आमच्या ओळखीच्या एका वकीलबाई एकदा बोलता बोलता काहीतरी म्हणाल्या होत्या, ते आठवलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन भाजीला म्हणून निघाले ती थेट त्यांच्याकडेच गेले.

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं, की भारताचं तिथेच संपतं आणि आपला पासपोर्ट परत करावा लागतो. मग मिळतं ते ओसीआय कार्ड. 'परदेशस्थ भारतीय नागरिक' असं त्याचं भारदस्त नाव आहे, पण नावातल्या 'नागरिक' या शब्दावर जाऊ नका. तो एक प्रकारचा आयुष्यभराचा व्हिसा आहे. इथे हवे तितके दिवस राहता येतं, राहतं घर किंवा फ्लॅट विकत घेता येतो. मतदान मात्र करता येत नाही. फिरण्यावरही काही बंधनं येतात. मागे वन्संना घेऊन आम्ही सिक्कीमला गेलो, तेव्हा आम्हांला गंगटोकला जायला काही लागलं नाही, त्यांना मात्र परवाना काढावा लागला. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

आता मुद्द्याचं. ओसीआय कार्डावर शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. इतकंच नाही, सख्ख्या भावाने प्रेमाने बक्षीसपत्र करून दिलं, तरी शेतजमीन घेता येत नाही. ती मिळू शकते ती फक्त वारसाने. आणि सातबाऱ्यावर आमची बाग शेतजमीनच आहे.

लक्षात आलं ना? वन्संनी सही केली असती, तर उद्या त्यांना पश्चात्ताप झाला आणि ह्यांनाही द्यावंसं वाटलं, तरी तो वाटा परत देता आला नसता. पुन्हा भारतीय नागरिक होण्याची सोय कायद्यात आहे, नाही असं नाही. पाच वर्षं ओसीआय कार्ड असावं लागतं, अर्जाआधी बारा महिने इथे राहावं लागतं आणि तिथलं नागरिकत्व सोडावं लागतं. ज्यांची मुलंनातवंडं तिकडे आहेत, त्यांना हे कसं जमावं?

रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आपलाच वाटा कमी होतोय, हे कळतंय ना तुला?" कळत होतं हो! दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची, कलमांना फवारणी करायची, गडी शोधायचे, हे सगळं आम्हीच करतो. मलाही थोडं टोचलंच, खोटं कशाला सांगू? पण मला माझीच सही आठवत होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माहेरी गेले असता दादाने कागद पुढे केला, आणि मी हातातलं पुरणाचं पातेलं बाजूला ठेवून सही करून टाकली. वाचलाही नाही. जाताना साडी मिळाली. दादा भला माणूस आहे, तक्रार नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क २००५ सालच्या दुरुस्तीने दिला, हे मला बी. ए. होऊनही ठाऊक नव्हतं.

दोन दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका काकांनी तोडगा काढला, की वन्संनी पैसे द्यावेत आणि शेजारची बाग माझ्या नावावर घ्यावी. मी ठाम नाही म्हटलं. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, याला बेनामी व्यवहार म्हणतात. जमीन सरकारजमा होते आणि वर शिक्षाही होऊ शकते. तुम्हांला कोणी अशी गळ घातली, तर भीड बाळगू नका. आणि तुमची नणंद, बहीण किंवा लेक परदेशात असेल, तर तिच्या हक्कसोडपत्राआधी तिचा पासपोर्ट कुठला आहे ते जरूर विचारा. हिरवं कार्ड असलं तरी पासपोर्ट भारताचाच असतो, पण ती परदेशात राहत असेल, तर शेतजमीन विकत किंवा बक्षीस म्हणून तिलाही घेता येत नाही. परकीय चलनाचे नियम जाणणाऱ्या वकिलाला फी पडली तरी चालेल.

वन्संना सगळं सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाटा राहू दे. पण बागेचा खर्चही तिघांत." त्याची वही आता मी ठेवली आहे. वारस म्हणून तिघांची नावं लावायचा अर्ज केला, तर नवीच अडचण! पासपोर्टावर सासरचं नाव, तेही लग्नात बदललेलं, आणि इथले जुने कागद माहेरच्या नावाचे. दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवायचं कसं? शेवटी सासूबाईंच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीखाली, वन्संचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. दोन अर्जासाठी ठेवल्या, तिसरी वन्संनी मागून घेतली.